पाणी कुठून येतं, दार कुणाला उघडतं
(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात. लहानपणी त्या दिवशी आमचं सगळं घर टांग्यात बसून बीबी का मकबऱ्याला जायचं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झालं. डब्यात आदल्या दिवशीचा शीरखुर्मा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले समोसे आणि मागे लटकलेली मोहल्ल्यातली दोन-तीन पोरं. आमचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं आठ. तिथं एकानं पाय पसरायचे तर दुसऱ्याला उठावं लागे. अम्मी वर्षातून त्या एकाच दिवशी गवतावर बसायची. चपला काढून, पाय लांब करून. संध्याकाळपर्यंत उठायचं नाव घ्यायची नाही.

समोर थेट मकबऱ्यापर्यंत गेलेला लांबलचक हौद आणि त्यात कारंज्यांच्या तोट्यांची रांग. आम्ही जायचो तेव्हा हौद बहुतेक कोरडाच असायचा. एका वर्षी अम्मीनं मला विचारलं, "यां पानी कां से आता था रे?" मी तेव्हा सहावीत होतो. मला काही सांगता आलं नाही. चाचांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

तो प्रश्न डोक्यात राहून गेला. पुढं बी.ए. झालो, नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो आणि जमतील तशा बागा पाहिल्या. श्रीनगर आणि दिल्ली पाहिली. मुलगी लंडनला नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं तिथली क्यू गार्डन दाखवली आणि पुढं हट्टानं स्पेनमधल्या ग्रॅनडापर्यंत नेलं. बाकीच्या बागा मी पुस्तकांतून आणि नकाशांवर बोट ठेवून पाहिल्या. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. मला फुलांची नावं फारशी येत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. बागेत शिरलो की मी आधी दोन गोष्टी शोधतो. इथं पाणी कुठून येतं? आणि दार कुणाला उघडतं?

आमच्या उर्दू शायरीत 'फिरदौस' हा शब्द फार वापरून गुळगुळीत झालेला आहे. फिरदौस म्हणजे जन्नतमधली बाग. शब्द अरबी वाटतो, पण त्याचं मूळ प्राचीन इराणी भाषेत आहे, 'पइरिदएज़ा'. त्यातला 'पइरि' म्हणजे आपल्या परिसर, परिघ या शब्दांतला 'परि', म्हणजे सभोवती. 'दएज़ा' म्हणजे रचलेली भिंत. ग्रीकांनी हाच शब्द उचलला आणि युरोपात त्याचा पॅराडाइज झाला. म्हणजे स्वर्गासाठी अर्ध्या जगानं जो शब्द घेतला, त्याच्या मुळाशी फूल नाही, झाड नाही, पाणीसुद्धा नाही. चारी बाजूंनी भिंत आहे.

याला कारणही तसंच आहे. इराणच्या पठारावर बाग करायची तर आधी तप्त वारा आणि उडती वाळू अडवायला हवी, शेळ्यामेंढ्या बाहेर ठेवायला हव्यात. भिंत घातली की आत सावली टिकते, ओल टिकते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सायरस बादशहानं पासारगादे इथं अशी बाग केली. तिचे दगडी पाट अजून जमिनीत दिसतात. २०११ मध्ये युनेस्कोनं इराणमधल्या नऊ बागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यांत ही आहे आणि काशान शहराजवळची 'बाग-ए-फिन'ही आहे.

फिनचं आजचं रूप शाह अब्बासच्या काळातलं, सोळाव्या शतकाच्या अखेरचं. उंच सरूची झाडं, मधून निळ्याहिरव्या फरश्यांचे पाट आणि त्यांत बुडबुडणारी कारंजी. या कारंज्यांना पंप नाही. बागेमागच्या उंचावरून सुलेमानिया झऱ्याचं पाणी येतं, ते आधी हौदात साठतं आणि हौद बागेपेक्षा उंचावर असल्यामुळे आपल्याच भारानं तोट्यांतून वर उसळतं. इतक्या रम्य जागी रक्तही सांडलं. अमीर कबीर हा इराणचा सुधारक पंतप्रधान. देशात आधुनिक शिक्षणाची संस्था त्यानं उभी केली. १८५२ मध्ये शहाच्या हुकुमानं त्याचा खून झाला, तो याच बागेतल्या हमामखान्यात.

कोरड्या प्रदेशात पाणी आणायची इराणची जी रीत आहे तिला कनात म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची आणि तिच्यातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून मैलोन् मैल दूर न्यायचं. बोगद्याला उतार द्यायचा तो अगदी बेताचा. जास्त दिला तर पाणी माती खरवडतं, कमी दिला तर साचतं. वर ठराविक अंतरावर हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरी. जमिनीखालून जात असल्यामुळे ऊन पाणी पिऊन टाकत नाही.

हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण मला आमच्या गावच्या नहरी आठवल्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं, हबशी गुलाम म्हणून आलेल्या आणि निजामशाहीचा वजीर झालेल्या माणसानं, खडकी गावात जमिनीखालून पाणी खेळवलं. खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद. त्याच्यानंतर इतरांनीही नहरी बांधल्या. पाणचक्की फिरायची ती अशाच पाण्यावर. तेव्हा १६६० च्या सुमारास औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरसबानूसाठी, मकबरा आणि त्याभोवतीची ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद बाग उभी राहिली ती उजाड माळावर नव्हे. डोंगरातलं पाणी शहरात आणण्याची विद्या इथं आधीपासून होती. अम्मीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला असं पस्तीस वर्षांनी सापडलं.

इराणी बागेचा साचा साधा आहे. भिंतीच्या आत चौकोन, त्याला एकमेकांना छेदणारे दोन पाट, म्हणजे चार वाफे. चारबाग. हा साचा मुघलांनी हिंदुस्थानात आणला. काश्मीरमध्ये मात्र त्याला डोंगर भेटला, आणि सपाट चौकोनाच्या पायऱ्या झाल्या. श्रीनगरची शालिमार बाग जहांगीरनं १६१९ मध्ये सुरू केली. डोंगरावरून आलेला प्रवाह तिच्या मधोमध एकेका टप्प्यावरून खाली उतरतो. पाणी जिथं पडद्यासारखं पडतं तिथं मागच्या भिंतीत छोटे कोनाडे आहेत. दिवसा त्यांत फुलं ठेवत आणि रात्री दिवे लावत. पडत्या पाण्याआडून हलणारा दिवा कसा दिसत असेल, याची नुसती कल्पना करावी.

पण शालिमारचे टप्पे म्हणजे दर्जेही होते. खालचा टप्पा दिवाण-ए-आम, तिथवर प्रजेला प्रवेश. त्याच्या वर बादशहा आणि दरबारी. सगळ्यात वर जनाना. पाणी वरून खाली येतं आणि माणसानं मात्र खालून किती वर जायचं ते त्याच्या जन्मावर ठरायचं. आज तिकीट काढून कुणीही शेवटच्या टप्प्यापर्यंत जातो. मी गेलो त्या दिवशी शहाजहानच्या काळ्या संगमरवरी बारादरीत एक शाळेची सहल डबे उघडून बसली होती. पहाऱ्याशिवाय ज्या जागी वारासुद्धा शिरत नसेल तिथं पोरं लोणच्यावरून भांडत होती. मला ते फार आवडलं.

जवळच दल सरोवराच्या काठी निशात बाग आहे. ती आसफखानाची, म्हणजे नूरजहानच्या भावाची. बारा टप्प्यांची ही बाग शहाजहानला इतकी आवडली की त्यानं तीनदा तोंडभरून स्तुती केली. मालक आता 'हुजूर, आपलीच आहे' म्हणेल, अशी त्याची अपेक्षा. आसफखान गप्प राहिला. चिडलेल्या बादशहानं निशातचं पाणीच तोडलं. बाग सुकली. उदास आसफखान झाडाखाली झोपला असताना एका नोकरानं जिवावर उदार होऊन गुपचूप पाणी सोडलं. बादशहाला कळलं, पण त्यानं नोकराला माफ केलं आणि पाणी पूर्ववत केलं. ही कथा आहे, इतिहास म्हणून मी सांगत नाही. पण बागेची मालकी झाडांवर नसते, पाण्याच्या तोंडाशी असते, हे ज्यानं ही कथा रचली त्याला पक्कं ठाऊक होतं. श्रीनगरला जायचं तर बहुतेक लोक एप्रिलमध्ये ट्यूलिप पाहायला जातात. मी म्हणेन, ऑक्टोबरच्या अखेरीस जा, चिनार पेटलेले असतात.

आता ग्रॅनडा. तिथल्या अलहम्ब्रा महालाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच्या शेजारच्या टेकडीवर 'जनरलीफे' नावाची बाग आहे, नस्री सुलतानांची उन्हाळी राहण्याची जागा. तेराव्या शतकाच्या अखेरीची. टेकडी उंच, नदी खाली दरीत. मग पाणी वर कसं आलं? दार्रो नदीच्या पात्रात सहा किलोमीटर वर, जिथं नदीच उंचावर आहे तिथं, बांध घालून पाट काढला आणि डोंगराच्या कडेकडेनं नेत नेत टेकडीच्या माथ्याला आणून सोडला. स्पॅनिश भाषेत पाटाला 'असेकिया' म्हणतात. शब्द अरबी 'साकिया'वरून आलेला, पाणी पाजणारी. गझलेत प्याला भरून देतो तो साकी याच धातूचा. आयुष्यभर मैफलीत ऐकलेला शब्द मला तिथं एका सिमेंटच्या कठड्याशेजारी, शेतात पाणी सोडणाऱ्या पाटाच्या रूपात भेटला. सुलतानांच्या काळापासून तिथं भाजीपाला पिकतो आहे, आणि त्यांतले काही मळे अजून कसले जातात.

बागेचं मुख्य अंगण लांबट आहे, मधून पाट, दोन्ही बाजूंनी कारंज्यांच्या कमानी. फोटोत सगळे त्या कमानीच काढतात. गंमत अशी की त्या नंतर कधीतरी बसवलेल्या आहेत, सुलतानांच्या वेळी तिथं इतका खळखळाट नव्हता. १९५८ मध्ये या अंगणाच्या एका टोकाला आग लागली. नुकसान झालं, पण दुरुस्तीच्या निमित्तानं खणलं तेव्हा खालची मूळ बाग सापडली. तीही चार वाफ्यांची. आणि वाफे चालायच्या वाटेपेक्षा बरेच खाली होते. म्हणजे झाडंझुडपं खाली उगवायची आणि त्यांचे शेंडे, फुलं चालणाऱ्याच्या पायाशी येऊन टेकायची. गालिच्यावर वेलबुट्टी असते तशी.

माझं मन मात्र तिथल्या पाण्याच्या जिन्यात अडकलं. बागेच्या वरच्या अंगाला लॉरेलच्या झाडांखाली एक जिना आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर, जिथं आपण आधाराला हात ठेवतो तिथं, कौलांचा पन्हाळ केलेला आहे आणि त्यातून पाणी धावतं. जिना चढताना हात पाण्यातून चालतो. ऐन जुलैत पाणी थंडगार होतं. मी तो जिना तीनदा चढलो. चौथ्यांदा मुलीनं अडवलं, कारण तिला मागची रांग दिसत होती.

१४९२ मध्ये ग्रॅनडाचं राज्य पडल्यावर ही बाग खासगी हाती गेली आणि शतकानुशतकं एका सरदार घराण्याकडे राहिली. फार जुना दावा मिटून ती १९२१ मध्ये स्पेनच्या सरकारकडे, म्हणजे लोकांकडे आली. जायचं असेल तर तिकीट खूप आधी काढून ठेवा. रोज ठरावीक माणसांनाच आत सोडतात.

आतापर्यंत सांगितलेल्या साऱ्या बागा आधी राजांच्या. राज्यं गेली, म्हणून त्या आपल्याला मिळाल्या. लंडनची क्यू गार्डनही राजघराण्याची, १८४० मध्ये देशाच्या ताब्यात आली. तिथल्या काचघरात १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणलेलं सायकडचं झाड अजून कुंडीत जगतं आहे. कितीतरी दशकं क्यूचं तिकीट एक पेनी होतं. आज वीस पौंडांच्या वर आहे, आणि दारावर मुलीनं कार्ड पुढं केलं तेव्हा मी मनातल्या मनात रुपये करत बसलो. करू नयेत. बागेत मन लागत नाही.

पण लोकांसाठीच, लोकांच्या पैशानं बाग करायची, ही कल्पना नवी आहे. जेमतेम पावणेदोनशे वर्षांची. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड नावाचं गाव आहे. तिथली दलदलीची जागा गावानं विकत घेतली आणि जोसेफ पॅक्स्टननं तिचं पाणी दोन तळ्यांत गोळा करून, निघालेल्या मातीचे उंचवटे करून बाग घडवली. १८४७ मध्ये ती सर्वांना फुकट खुली झाली. १८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाचा एक तरुण अमेरिकन शेतकरी तिथं आला. बागेच्या सौंदर्यापेक्षा त्याला एका गोष्टीचं जास्त नवल वाटलं. तिथं मजूर, कारागीर आणि श्रीमंत सारख्याच हक्कानं फिरत होते. आपल्या लोकशाही देशात असं काही नाही, याची त्याला खंत वाटली.

आठ वर्षांनी याच ओल्मस्टेडनं कॅल्व्हर्ट व्हॉक्सच्या साथीनं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. ८४३ एकर, शहराच्या काळजात, आणि आत शिरायला एक पैसा नाही. मला विचाराल तर जगातली सगळ्यात उदार बाग हीच. तिथलं पाणीसुद्धा घडवलेलं. जे तळं निसर्गानं दिलंय असं वाटतं ते दलदल उपसून, भराव टाकून केलेलं.

आणि तरीही या बागेच्या मातीखाली एक गाव आहे. सेनेका व्हिलेज. १८२५ मध्ये काही कृष्णवर्णीयांनी तिथं जमिनी घेतल्या आणि हळूहळू वस्ती झाली. नंतर आयरिश लोकही आले. १८५५ मध्ये सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन चर्च, एक शाळा. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची स्थावर मालमत्ता नावावर लागे. म्हणजे त्या जमिनीच्या तुकड्यावर नुसतं घर नव्हतं, मताचा हक्क उभा होता. १८५७ मध्ये सगळ्यांना उठवलं. भरपाई दिली, पण वस्ती पुन्हा कुठं बसली नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना झोपडपट्टीवाले ठरवलं होतं आणि पुढं शंभरावर वर्षं लोक त्यांना विसरून गेले. २०११ मध्ये पुरातत्त्व अभ्यासकांनी तिथं खोदकाम केलं तेव्हा घरांचे पाये आणि घरगुती वस्तू निघाल्या. कधी सेंट्रल पार्कला गेलात तर पश्चिमेच्या बाजूला, ब्याऐंशीव्या रस्त्यापासून एकोणनव्वदाव्या रस्त्यापर्यंत जरा सावकाश चाला. कुणासाठी दार उघडताना कुणाचं दार मोडलं, तेही बागेचंच आहे.

जपानमधल्या बागेची तऱ्हा वेगळी. ओकायामा शहरातली कोराकुएन ही तिथल्या तीन नामवंत बागांपैकी एक. इकेदा त्सुनामासा या सरदारानं १७०० मध्ये ती पूर्ण केली. हिच्यात चौकोन नाही, सरळ रेषा नाही. आसाही नदीचं पाणी वळणं घेत बागभर फिरतं आणि एका जागी तर चक्क घरातून जातं. र्‍युतेन नावाची ती लाकडी बैठक, वर छप्पर, मधून ओहोळ, त्यात निवडक दगड. बागेच्या मागे नदीपलीकडचा काळा किल्ला दिसतो. तो बागेचा भाग नव्हे, पण बाग अशी रचली की तो चित्रात येतो. जपानी लोक याला उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. १८८४ मध्ये कोराकुएन लोकांना खुली झाली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती बरीचशी जळाली. जुनी चित्रं आणि कागदपत्रं समोर ठेवून तिथल्या लोकांनी ती पुन्हा जशीच्या तशी केली. ती पाण्याची बैठक मात्र वाचली होती.

ओकायामाला जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, पुणे-ओकायामा मैत्रीतून कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं. दहा एकरांची जागा, आणि तिच्यातून फिरतं ते कालव्याचं पाणी. पुण्याला कामानिमित्त गेलो की मी तिथं तासभर काढतो. एका ठिकाणी उभं राहिलं की हिरवळीच्या पार मागे पर्वती दिसते. ओकायामात किल्ला उसना घेतला, पुण्यानं पर्वती.

राजाची जागा लोकांना मिळाली, दलदलीची बाग झाली. कैरोमध्ये तर उकिरड्याची झाली. जुन्या कैरोच्या कडेला पाचशे वर्षं लोक राडारोडा आणि कचरा आणून टाकत होते. त्याच्या टेकड्या झाल्या. आगाखान यांच्या संस्थेनं तिथं बाग करायला घेतली तेव्हा पंधरा लाख घनमीटरच्या आसपास ढिगारा हलवावा लागला. माती इतकी खारट की काही उगवेना. त्यातच शहराला पाणी पुरवणाऱ्या तीन अजस्र टाक्या, प्रत्येकी ८० मीटर रुंद, याच जागेत बसवायच्या होत्या. त्या टेकडीच्या पोटात घेतल्या आणि वर झाडं लावली. खणता खणता बाराव्या शतकातली, सलाहुद्दीनच्या काळातली शहराची तटबंदी निघाली, दीड किलोमीटर लांब. ढिगाऱ्याखाली ती मुकाट उभी होती.

२००५ मध्ये अल-अजहर पार्क लोकांना खुलं झालं. तीस हेक्टर. मधून तो जुना इराणी पाट, खाली तळं, आणि टेकडीवरून मशिदींच्या मिनारांचं रान. मला या बागेतली सर्वांत मोलाची गोष्ट बागेबाहेरची वाटते. तटाला लागून दर्ब अल-अहमर नावाची गरिबांची जुनी वस्ती आहे. बाग झाली की शेजारची जमीन महागते आणि गरीब हाकलले जातात, हे आपण मुंबईतही पाहतो. इथं बागेबरोबरच त्या वस्तीतली घरं दुरुस्त केली, सुतारकाम, दगडकाम शिकवलं, तिथल्याच माणसांना बागेत कामं दिली. सेनेका व्हिलेजनंतर दीडशे वर्षांनी कुणीतरी धडा घेतला होता. सिंगापूरचं बोटॅनिक गार्डनही याच कारणासाठी मला आवडतं. पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडं आणि ऑर्किडचा विभाग सोडला तर फुकट. घरात जागा नसलेल्या माणसाला बाग रात्री दहालाही लागते.

शेवटी काबूलविषयी बोलतो. बोललो नाही तर बाकीचं बोलणं खोटं ठरेल. बाबर हिंदुस्थान जिंकून आग्र्याला आला आणि त्याची पहिली तक्रार होती, इथं वाहतं पाणी नाही. त्याचा जीव काबूलमध्ये, तिथल्या स्वतः लावलेल्या बागांत. १५३० मध्ये तो आग्र्यात वारला. पुढं त्याला काबूलला नेऊन टेकडीच्या उतारावरच्या बागेत पुरलं, त्याच्या इच्छेप्रमाणे वर छप्पर नसलेल्या कबरीत. ही बाग-ए-बाबर १९९० नंतरच्या यादवीत उजाड झाली, झाडं सरपणाला गेली. २००२ नंतर आगाखान यांच्या त्याच संस्थेनं ती पुन्हा उभी केली. मधला पाट खेळता केला, डाळिंबं, जर्दाळू, अक्रोड लावले. शुक्रवारी घरंच्या घरं तिथं यायची, चादर अंथरायची, चहाचे थर्मास उघडायची. त्या वेळचे फोटो पाहताना मला आमची बासी ईद दिसायची.

२०२१ मध्ये तालिबान परत आले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी काबूलमधल्या सार्वजनिक बागांत स्त्रियांना बंदी केली. कारण काय, तर बायका पडदा नीट पाळत नाहीत. मी नमाजी माणूस आहे. कुराणात जन्नतचं वर्णन येतं ते बागेचं, जिच्याखालून पाणी वाहतं अशा बागेचं, आणि तिचं वचन पुरुष आणि स्त्री दोघांना दिलेलं आहे, नाव घेऊन. वरच्या बागेत जिला जागा आहे तिला खालच्या बागेच्या दारावर अडवणारे हे कोण? पाच हजार झाडं लावली काय आणि पन्नास हजार लावली काय, त्या दिवशी बाग-ए-बाबर पुन्हा नुसती भिंत झाली.

ग्रॅनडाहून आल्यावर मी अम्मीला सगळं सांगितलं. ती आता थकली आहे, ऐकायला कमी येतं. मी पाट सांगितला, डोंगरावरून आणलेली नदी सांगितली, जिन्याच्या कठड्यातून धावणारं पाणी तर हातवारे करून सांगितलं. मलिक अंबरही सांगितला. म्हटलं, तू विचारलं होतंस ना, यां पानी कां से आता था. तिला ते काही आठवत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वां घास पो बैठने देते क्या?"

मी म्हटलं, नाही, तिथं बसण्यासारखं गवतच नाही. वाटा आहेत, वाफे आहेत. पाहत पाहत पुढं जायचं.

"फिर इत्ती दूर जा को तुम लोगां बैठे कां?" अम्मी म्हणाली.